कागदावर न आलेली ओळ

४ मार्च

प्रशिक्षकबाई,

‘प्रिय’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस म्हणून हा पाकिटाचा खटाटोप. पत्ता तुझ्या माहितीपत्रकावर मिळाला, तुझ्या हसऱ्या फोटोखाली. केस कापलेस वाटतं. नाही शोभत.

आता मुद्द्याचं. आमची नर्स तुझ्या वर्गाला यायला लागून तीन आठवडे झाले. ‘सामाजिक संस्थांच्या उद्याच्या नेतृत्वासाठी व्यावसायिक प्रशिक्षण’! नाव वाचतानाच धाप लागते. तिला पाठवायचं समितीने ठरवलं, मला न विचारता. नवे अध्यक्ष म्हणाले, ‘ताई, तुम्ही एकसष्ट वर्षांच्या झालात, मागे कुणीतरी तयार व्हायला नको का?’ मी म्हटलं, मी काय उद्या मरतेय? सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

आणि आई होती ना बैठकीत, संस्थापक म्हणून, असं तुला वाटेल. होती. पण तुझं नाव निघालं की ती कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवते, नऊ वर्षांचा नेम आहे. अध्यक्षांनी माहितीपत्रकावरचं तुझं नाव वाचलं, आईने यंत्र काढलं आणि ठराव तिच्या नकळत मंजूर झाला. तुझं नशीबच तसलं.

काल नर्सने तुझ्या वर्गातला एक कागद माझ्यापुढे ठेवला. चर्चेसाठी उदाहरण म्हणे. मी इथे उतरवून काढते, म्हणजे तू काय लिहिलंयस ते तुला एकदा माझ्या अक्षरात वाचता येईल.

‘संस्था क घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करते. संस्थेच्या प्रमुख पुरस्कार घ्यायला चार दिवस परगावी जातात. जाताना त्या आपल्या सहकारी बहिणीकडे रुग्णांची यादी देतात. यादीत एका मधुमेही आजींपुढे मंगळवार, शुक्रवार एवढंच लिहिलेलं असतं. आजींना रोज इन्सुलिन टोचणारा भाचा त्याच आठवड्यात बाहेरगावी असणार आहे, हे त्याने प्रमुखांना फोन करून सांगितलेलं असतं. बहीण यादीप्रमाणे मंगळवारी जाते. आजी जमिनीवर पडलेल्या सापडतात आणि दोन दिवसांनी जातात. प्रमुख म्हणतात, मी बहिणीला भाच्याचं सांगितलं होतं. बहीण म्हणते, सांगितलं नव्हतं. समिती प्रमुखांवर विश्वास ठेवते. चर्चा करा : नेमकं काय चुकलं?’

संस्था क! वा. आणि ते ‘पुरस्कार घ्यायला’ कशाला घुसडलंस? नुसतं ‘परगावी’ लिहिलं असतं तर तुझं अडलं असतं का? आजींची आठवण विकून तू वर्ग चालवतेस, लाज वाटत नाही?

आणि ऐकून ठेव. मी तुला सांगितलं होतं. निघताना, ऑफिसच्या जिन्यात, बॅग माझ्या हातात होती. तू फोनवर बोलत होतीस, तुझं लक्ष नव्हतं, तो माझा दोष नाही.

नर्स विचारत होती, ‘ताई, संस्था क म्हणजे आपणच का?’ मी म्हटलं, कामाला लाग.

तुझी थोरली बहीण (नाइलाजाने)


२२ मार्च

तुझं उत्तर मिळालं. ‘पत्र पोचले. अभ्यासक्रमासंबंधी पत्रव्यवहार कृपया संस्थेमार्फत करावा.’ अगं, तुझ्या वेण्या घातल्यात मी. शाळेत तुझी पाटी फुटली तेव्हा माझी दिली होती. आणि मला ‘कृपया’ लिहितेस?

तुझ्या शिष्येचं सांगते. शुक्रवारी तुझ्या वर्गातून येते आणि सोमवारी आमच्या डोक्यावर बसते. परवा सगळ्या कार्यकर्त्यांना गोलात बसवलं. माझी खुर्चीही गोलात ओढली, टेबलाशिवाय. नुसतं बसायचं, गुडघे सगळ्यांना दिसतायत. भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यात प्रत्येकाने लिहायचं, माझं कुठे अडतं. आठ चिठ्ठ्यांपैकी सहांवर एकच : ताईंना विचारल्याशिवाय काही करता येत नाही. ड्रायव्हरचीसुद्धा! तोंड उघडून सरळ दोन शब्द न बोलणारा तो माणूस, त्याने चिठ्ठी लिहिली आणि शब्दांखाली रेघही मारली.

मी म्हटलं, मला विचारता म्हणूनच चाललंय इतकी वर्षं. तर नर्स म्हणाली, ‘मी ऐकतेय, ताई.’ हे तूच शिकवलंस ना? मान जराशी कलती करून? ती असं म्हणाली की मला पाण्याचा पेला फेकावासा वाटतो.

तशी ती वाईट नाही. हात हलका आहे, पाठीच्या जखमा तिच्याइतक्या स्वच्छ कुणी करत नाही. पण तिला मी शिकवलंय, तू नाही. सहा वर्षांपूर्वी आली तेव्हा रक्तदाबाचा पट्टा उलटा बांधायची.

आता तुझा नवा फतवा. ‘रिकामी खुर्ची सप्ताह’. प्रमुखांनी सात दिवस कामावर यायचं नाही, फोन बंद ठेवायचा, आणि त्याआधी आपल्या डोक्यातलं सगळं कागदावर उतरवून द्यायचं. शिकणाऱ्याने सात दिवस संस्था चालवून दाखवायची. समितीने मान्यही केलं. मे महिन्याचा पहिला आठवडा. नीट पार पडलं तर जूनपासून नर्स प्रमुख आणि मी ‘मार्गदर्शक’. मार्गदर्शक म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. कार्यक्रमात समई पेटवायची आणि घरी जायचं.

एकतीस वर्षं, बाई. एकतीस वर्षांत मी सात दिवस कधी सुट्टी घेतली नाही. तेवढी एकदाच चार दिवस गेले होते, आणि त्याचं काय झालं ते तू छापून वाटतेसच.

तू हे माझ्यासाठीच काढलंयस. सरळ बोल की. नऊ वर्षं थांबलीस आणि माझ्याच नर्सच्या हातून मला बाहेर काढतेयस.


३ मे

लिहिलं. हवं होतं ना तुला? एक्केचाळीस रुग्ण, त्रेसष्ट पानं, मनगट सुजलंय. कोणाकडे कुत्रा आहे, कोणाची सून समोर गोड बोलते आणि मागे गोळ्या लपवते, शाळामास्तरांना स्पंज करायच्या आधी वर्तमानपत्र वाचून दाखवावं लागतं नाहीतर हात लावू देत नाहीत. कोणाच्या जिन्याची तिसरी पायरी हलते. सगळं. गेल्या सोमवारी नर्सने पानं हातात घेतली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘ताई, हे सगळं तुमच्या डोक्यात होतं?’ म्हणाली. मग कुठे असणार?

एवढं सगळं मी मुकाट्याने लिहीन असं तुला वाटलं होतं का? एक ओळ मी लिहिली नाही.

तुला सांगायला हरकत नाही, कारण पोस्टाला पाच दिवस लागतात. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर बुधवार होऊन गेलेला असेल.

घड्याळं दुरुस्त करायचे ते काका आठवतात? तुझ्या वेळी धडधाकट होते, दुकानात बसायचे. आता कमरेखालून गेलेत, एकटे असतात, तळमजल्यावर. दर दुसऱ्या बुधवारी लघवीची नळी बदलावी लागते. पूर्वी कुणीतरी बेल वाजवून आत शिरलं आणि त्यांचं कपाट साफ करून गेलं. तेव्हापासून बेल वाजली की ते श्वास रोखून पडून राहतात, जसं काही घरात कुणी नाहीच. मागच्या गल्लीत त्यांच्या पलंगाशी खिडकी आहे. तिच्यावर दोनदा टकटक करायची, थांबायचं, पुन्हा एकदा. मग ते पलंगावरून दोरी ओढतात आणि पुढच्या दाराची कडी निघते. हे मी आणि ते सोडून कुणाला ठाऊक नाही. त्यांची फेरी आजवर मी स्वतःच करत आलेय.

आमचा नियम तुला ठाऊक आहे. दोनदा बेल वाजवायची, उत्तर नाही तर दारात निळं कार्ड खोचायचं आणि पुढच्या घरी जायचं. तुझी शिष्या नियमाला पक्की आहे. कार्ड खोचेल आणि जाईल.

डोळे वटारू नकोस. एक दिवस उशीर झाल्याने काही होत नाही. गुरुवारी कार्यालयात बोंब होईल, शुक्रवारपर्यंत मला बोलावणं येईल, आणि समितीला कळेल की माणसं चालवायला चिठ्ठ्या आणि गोल पुरत नाहीत. एवढंच मला हवंय.

आणि तुझ्या ‘संस्था क’बद्दल शेवटचं सांगते. मी तुला भाच्याचं सांगितलं होतं. स्टेशनवरून फोन करून. गाडी सुटायच्या आधी. घाईघाईत का होईना, सांगितलं होतं.


८ मे, गुरुवार सकाळ

आज चौथा दिवस. फोन कपाटात, बंद. घरात काय करतात माणसं दिवसभर? सगळे डबे धुतले. पडद्यांना इस्त्री केली. आई म्हणाली, ‘पडद्यांना?’ मी म्हटलं, हो, पडद्यांना.

काल बुधवार होता. दहा वाजता मी घड्याळाकडे बघितलं. आता ती बेल वाजवत असेल. सव्वादहाला बघितलं. आता कार्ड खोचलं असेल. मग दिवसभर मी बघतच राहिले. आईने विचारलं, कुणाची वाट बघतेस? कुणाची नाही म्हटलं.

काकांना फार लवकर ताप चढतो. गेल्या वर्षी नळी तुंबली तेव्हा सहा तासांत एकशे तीन झाला होता. हे त्रेसष्ट पानांत लिहिलंय का मी? लिहिलं असेल. आठवत नाहीये. मी सगळं लिहिलं आणि नेमकं हेच आठवत नाहीये.

काही होत नाही. शुक्रवारपर्यंत चालतं. मी हे पत्र पोस्टात टाकून येते.

*त्याच दिवशी, दुपार*

पत्र टाकलं नाही. पाकीट हातातच घेऊन सरळ काकांच्या गल्लीत गेले. सात दिवस कामावर यायचं नाही हा तुझा नियम मी मोडला. घाल चुलीत नियम.

पुढच्या दारात कार्ड नव्हतं. कार्ड नाही म्हणजे ती आलीच नाही, की कुणी घेऊन गेलं, की दार तोडून त्यांना हलवलं? मी मागच्या गल्लीत पळाले. या वयात, चपला हातात घेऊन. खिडकीवर दोनदा टकटक केली, थांबले, पुन्हा एकदा.

आतून काकांचा आवाज आला, ‘कोण?’

‘मी, ताई.’

‘तुमची सुट्टी आहे ना?’

‘काका, दोरी ओढा. नळी बदलली का?’

‘काल सव्वादहाला बदलली. पोरीचा हात तुमच्यापेक्षा हलका आहे. आणि दोरी ओढणार नाही. सोमवारपर्यंत तुम्हाला दार उघडायचं नाही, असं मी तिला कबूल केलंय.’

‘तिला खिडकीचं कुणी सांगितलं?’

‘मी सांगितलं. मागच्या आठवड्यात येऊन गेली ती. मागून हाका मारून मारून घसा बसला बिचारीचा, तेव्हा मी उघडलं. सगळ्यांकडे जाऊन आली म्हणे, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस घरी. वही घेऊन बसली आणि एकच प्रश्न विचारला.’

‘काय?’

‘तुमच्याबद्दल ताईंना ठाऊक आहे, पण कागदावर आलेलं नाही, असं काय आहे?’

मी गल्लीत उभी. खिडकीच्या फटीतून काका म्हणाले, ‘ताई, तुम्ही लिहायला विसरलात, होय ना?’ मी हो म्हटलं. तुझ्याशी खोटं बोलणं वेगळं होतं, बाई. हा माणूस सहा वर्षं माझ्या टकटकीवर दोरी ओढत होता.

घरी येऊन बसलेय. हा प्रश्न तुझा आहे. तो नर्सला सुचणं शक्य नाही, तो ज्याला कुणी एकदा अर्धवट यादी दिली असेल त्यालाच सुचेल. तू नऊ वर्षं बसून तो तयार केलास आणि तुझ्या वर्गाला येणाऱ्या प्रत्येक पोरीच्या हातात दिलास. माझा राग गेलेला नाही. वाढलाय. कारण तू बरोबर निघालीस.

मार्चमध्ये मी तुला लिहिलं, जिन्यात सांगितलं. परवा लिहिलं, स्टेशनवरून फोन करून सांगितलं. तुझ्या लक्षात आलंच असेल. समितीत काय सांगितलं होतं ते मला आता आठवतही नाही. भाच्याचा फोन आला तेव्हा मी पुरस्कार घ्यायला कुठली साडी नेसायची ते बघत होते. हो हो म्हटलं आणि विसरले. कुणाला सांगितलं नाही. तुला सांगितलं नाही.

आणि या खेपेला तर मी विसरलेसुद्धा नव्हते.


१५ मे

ठकू,

समितीची बैठक मंगळवारी झाली. तुला नर्सकडून सगळं कळलं असेल, पण माझ्याकडून ऐक. तिचं वर्णन फार गुळगुळीत असतं.

सात दिवसांचा अहवाल तिने वाचला. एकही फेरी चुकली नाही. शाळामास्तरांना ड्रायव्हरने वर्तमानपत्र वाचून दाखवलं म्हणे, मोठ्याने, बातमीसकट जाहिरातीही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. काकांच्या खिडकीबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. अहवालात लिहिलं होतं, ‘ताईंच्या टिपणांत फारशा त्रुटी आढळल्या नाहीत.’ तिला सगळं कळलं होतं. माझ्याकडे एकदाच बघितलं आणि पान उलटलं.

मग तुझा तो शेवटचा प्रश्न. प्रशिक्षणाच्या रीतीप्रमाणे सूत्रं घेणाऱ्याने देणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारायचा असतो ना? तिने विचारला. ‘ताई, कागदावर यायचं अजून काही राहिलंय का?’

मला नाही म्हणायचं होतं. खरं सांगते, ‘नाही’ अगदी ओठांवर होतं. किल्ल्यांचा जुडगा मी टेबलावर ठेवलेला होता, सगळ्यांनी बॅगा आवरायला घेतल्या होत्या.

मी म्हटलं, एक राहिलंय.

आधी काकांच्या खिडकीचं सांगितलं. अध्यक्षांचं तोंड उघडंच राहिलं. मग म्हटलं, आता दुसरं, आणि तुझं नाव घेतलं. आईचा हात सवयीने कानाकडे गेला. मी म्हटलं, ‘आई, यंत्र राहू दे. आज ऐक.’ का कोण जाणे, तिने राहू दिलं.

मी सगळं सांगितलं. साडीसकट. नऊ वर्षांपूर्वी याच टेबलाशी मी खोटं बोलले आणि एका खोट्यापायी तुझी नोकरी, तुझं घर, तुझी आई, सगळं गेलं, असं सांगितलं. इतिवृत्तात लिहून घ्या म्हटलं. त्याची प्रत सोबत आहे, खाली माझी सही आहे. तुझ्या कागदावर छाप हवी तर. ‘चर्चा करा’ काढून टाक, चर्चा करण्यासारखं काही उरलेलं नाही.

आईने काठी घेतली, उठली आणि नर्सला म्हणाली, ‘मला ठकूला फोन लावून दे.’ मला नाही सांगितलं, नर्सला सांगितलं. बाहेरच्या बाकावर बसून ती तुझ्याशी अर्धा तास बोलली, हे तुला ठाऊकच आहे. काय बोललात ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी बोलायला लागले की कानातलं यंत्र काढते आणि टेबलावर ठेवते.

रविवारी ती तुझ्याकडे राहायला येतेय. किती दिवस ते तिने सांगितलेलं नाही, पण बॅगेत लोकरीचे कपडेही भरलेत. ड्रायव्हर सोडायला येईल, हे पाकीटही त्याच्याच हाती देतेय. मी येणार नाही. मी माफी मागायला येईन अशी वाट बघत असशील तर बघू नकोस. मला ती मागता येत नाही आणि तुला ती देता येणार नाही, आपण दोघी आईच्याच मुली आहोत. ते पोस्टात न टाकलेलं गुरुवारचं पत्र तेवढं याच पाकिटात घालतेय.

आईच्या औषधांची छापील यादी बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे. यादीत नसलेलं इथे लिहिते.

सकाळची पांढरी गोळी घेतली म्हणते, पण ती गालात धरून ठेवते. समोर उभं राहायचं, पाणी प्यायला लावायचं आणि नंतर बोलतं करायचं. डाव्या कानाने यंत्र असूनही ऐकू येत नाही, तसं कबूल करत नाही, म्हणून नेहमी उजवीकडे बसायचं. न्हाणीघराची कडी आतून लावू द्यायची नाही, मागच्या पावसाळ्यात पडली होती, डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही तिने. जिना उतरताना हात दिला तर चिडते, एक पायरी पुढे चालायचं, मग ती आपोआप खांद्यावर हात ठेवते. दुपारी झोपेत नाव घेते. बहुतेक वेळा तुझं. मी तिला कधी सांगितलं नाही आणि तुलाही कळवलं नाही.

एवढंच आठवतंय. आणखीही असणार, नऊ वर्षांचं आहे. माझा नंबर उघड, आणि काय राहिलंय ते मला विचार.

ताई